अर्धपोटी

आकडेमोड करणाऱ्या माणसाने पडद्यावर आलेख टाकला. एक रेष निळी, एक तांबडी. निळी पोटभर खाणाऱ्या माकडांची, तांबडी अर्धपोटी ठेवलेल्यांची. जसजशी माकडं मरत गेली तसतशा दोन्ही रेषा पायरी-पायरीने खाली उतरल्या होत्या, आणि उतरताना एकमेकींना इतक्या खेटून की लांब बसलेल्या संचालकांनी चष्मा पुसून विचारलं, "दुसरी रेष कुठे आहे?"

"पहिलीच्या खाली झाकली गेलीय, साहेब," आकडेवाला म्हणाला. त्याने हे गमतीने म्हटलं नव्हतं आणि कुणी हसलंही नाही.

थोरली टेबलाच्या टोकाला बसली होती. त्या संशोधन संस्थेच्या माकडघराची ती डॉक्टर. घरात तिला थोरली म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. नोकरीला लागली तेव्हा केस काळेभोर होते, आता रंगवायचाही कंटाळा करायची. मधल्या काळात तिने तेवढा एकच प्रयोग सांभाळला होता. तरण्या माकडांचे दोन गट करायचे. एकाला हवं तेवढं खायला घालायचं. दुसऱ्याला जीवनसत्त्वं, क्षार, सगळं व्यवस्थित द्यायचं, फक्त पोट भरू द्यायचं नाही. आणि मग वाट बघायची. उंदरांमध्ये कमी खाणारे जास्त जगतात हे पूर्वीच दिसलं होतं. माकडांत तसंच दिसलं तर माणसाच्या म्हातारपणालाही लगाम घालता येईल, अशी सगळी आशा. पण उंदीर तीन वर्षांत आटोपतो आणि माकडाला मरायला तीस वर्षं लागतात. त्यामुळे माकडांबरोबर प्रयोग करणारेही म्हातारे झाले.

आता पिंजऱ्यांत मोजकीच माकडं उरली होती. ती मरेपर्यंत थांबलं तरी रेषा हलणार नाहीत, असं आकडेवाल्याने स्वच्छ सांगितलं.

"काहीच फरक नाही?" संचालकांनी विचारलं.

"आजारांत आहे. अर्धपोट्यांना साखरेचा त्रास जवळजवळ झालाच नाही. गाठीही कमी. आजार उशिरा आले त्यांना."

"आणि मरण?"

"ते दोघांनाही एकाच सुमाराला."

संचालकांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग त्यांनी थोरलीकडे न बघता म्हटलं, "सरांना तुम्हीच सांगा. आमच्यापैकी कुणी सांगणं बरं दिसणार नाही."

सर म्हणजे ज्यांनी हा प्रयोग सुरू केला ते. आणि ते थोरलीचे वडील होते.

आता या माणसाविषयी थोडं सांगायला हवं. प्रयोग सुरू केला तेव्हा तो चाळिशीचा, ताठ, देखणा आणि भलताच तडफदार होता. भाषण करायला उभा राहिला की समोरचे लोक त्याच दिवशी रात्रीचं जेवण सोडायचे. पण नुसतं बोलून थांबणाऱ्यांतला तो नव्हता. जे माकडांना, ते आपल्याला, असं त्याने ठरवलं, आणि त्याच आठवड्यात घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर एक काटा आला. पावाचा तुकडा, अंडं, उकडलेला बटाटा, सगळं आधी काट्यावर आणि मग ताटात. बायकोनेही तेच खायचं. मुलांना वाढीच्या वयाची थोडी सवलत होती, पण दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही हा नियम त्यांनाही होता. घरात कुणी "भूक लागली" म्हणायचं नाही. म्हणायचंच झालं तर "जेवायची वेळ झाली का" असं विचारायचं. भूक ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे, असं बाबांचं म्हणणं.

आई निमूट होती. ती कपाटामागे बिस्किटं लपवायची आणि मुलं शाळेतून आली की बाबा यायच्या आत त्यांच्या हातावर एकेक ठेवायची. स्वतः खायची की नाही हे थोरलीला कधी कळलं नाही. एका थंडीत तिच्या छातीत कफ झाला. इतर बायका आठवडाभर खोकून बऱ्या झाल्या. ही काही उठलीच नाही. तिला तपासणाऱ्या डॉक्टरने बाहेर येऊन एवढंच म्हटलं, "अंगात काही शिल्लकच नव्हतं हो लढायला." बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी ते माकडघरात वजनं घ्यायला हजर झाले.

धाकटा भाऊ मात्र निराळ्या मातीचा. लहानपणापासून हाडापेराने दणकट, गालांचे गोळे. बाबा त्याला ढब्बू म्हणत, आणि लाडाने नाही. तो कुठूनतरी खाऊन यायचा आणि जेवताना पकडला जायचा, कारण त्याला घरचं ते मोजकं जेवण घाईने संपवावंसं वाटायचं नाही. आई गेली त्या वर्षी त्याने बाबांना तोंडावर सांगितलं, "तुम्ही मारलंत तिला." बाबा म्हणाले, "एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये." धाकटा त्या संध्याकाळी घराबाहेर पडला तो परत आला नाही. एका बेकरीत पीठ मळायला लागला, पुढे ती बेकरी त्याचीच झाली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेसमोर. थोरली तिथे अधूनमधून जायची. बाबा त्या रस्त्याने बससुद्धा घ्यायचे नाहीत.

आणि आता बाबा हाडांच्या वॉर्डात पडून होते. न्हाणीघरात पाय घसरायचंही निमित्त झालं नव्हतं. खुर्चीतून उठताना खुब्याचं हाड मोडलं, आणि मोडलं म्हणून ते खाली पडले, असं डॉक्टर म्हणाला. हाड आतून खडूसारखं झालं होतं. ऑपरेशन होऊन आठवडा उलटला होता आणि जखम सुकायचं नाव घेत नव्हती.

थोरली बैठकीतून सरळ तिथे गेली. वॉर्डातला डॉक्टर कोवळा होता, पण कामाला चोख. त्याने तिला बाजूला घेतलं. "बाई, तुमचे वडील खात नाहीत. आम्ही ताट ठेवतो, ते त्यातला पाव भाग वेगळा काढतात आणि बाकी परत करतात. आधी ते निदान मोजून खायचे म्हणे. आता तेही नाही. चार-सहा चमचे सूप, बस. हे असं चाललं तर जखम भरणार कशाने?"

"तुम्ही सांगून बघितलंत?"

"मी सांगितलं तर ते मलाच शिकवायला लागले. मी त्यांचं पुस्तक वाचून पास झालोय हो, मी काय बोलणार?"

बाबा उशीला टेकून बसले होते. एवढा उंच माणूस, पण चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. डोळे तेवढे पूर्वीसारखेच.

"काय आलं?" त्यांनी विचारलं. कशी आहेस नाही, बस नाही. आज बैठक आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"अजून आकडेमोड चालू आहे, बाबा."

"अजून? त्या आकडेवाल्याला काय झोपा काढायला ठेवलंय?"

"बाबा, तुम्ही खात का नाही?"

"प्रयोग संपलेला नाही," ते म्हणाले. "माझं वजन अजून त्या तक्त्यात लिहिलं जातं. शेवटच्या दिवसात मी नियम मोडला तर इतकी वर्षं पोटाला चिमटा काढला त्याला काय अर्थ राहिला? निकाल येऊ दे. मग बघू."

ती घरी गेली नाही, बेकरीत गेली.

दुकान बंद व्हायची वेळ होती. धाकटा भट्टीतले रिकामे पत्रे घासत होता. आता तोही पन्नाशीला आला होता, पोट पुढे, भुवयांवर पीठ. ताईचा चेहरा बघून त्याने काही न विचारता एक गरम पाव तिच्यापुढे ठेवला. तिने तो तोडला आणि तसाच ठेवला. तिने त्याला सगळं सांगितलं. रेषा, हाड, सूप, निकाल येऊ दे.

तो पत्रा घासायचा थांबला. "म्हणजे काहीच उपयोग झाला नाही?"

"आजार कमी झाले."

"मी जगण्याचं विचारतोय, ताई."

"नाही. एका दिवसाचाही नाही."

धाकटा हसला. ते हसू ऐकून थोरलीला वाटलं, हा रडला असता तर बरं. "आणि तू हे त्यांना सांगत नाहीयेस."

"कसं सांगू? त्यांचं सगळं आयुष्य आहे रे ते. माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्या हातातलं तेवढंही काढून घ्यायचं?"

"तो मरणाच्या दारात बसलाय कशामुळे? त्या आशेमुळेच ना? तू सांग, मग खातील. नाही सांगितलंस तर आठवड्याभरात संपतील, आणि तेही उपाशी."

"तुला बदला घ्यायचाय."

धाकट्याने हात पुसले. "घ्यायचा होता," तो म्हणाला. "तीस वर्षं दररोज पहाटे पीठ मळताना घ्यायचा होता. पण आत्ता तू 'सूप' म्हणालीस ना, चार-सहा चमचे, तेव्हा मला आईच आठवली. सांग तू त्यांना. मी पाया पडतो तुझ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं. आडवळण घेतलं नाही. ते त्यांना आवडलं नसतं. आलेख छापून नेला होता, तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग तिच्याकडे बघितलं. "दुसरी रेष?"

"तिच्याखालीच आहे."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि ताबडतोब प्रश्न विचारायला सुरुवात केली. खुब्याची जखम, ताप, सगळं विसरून ते पुन्हा सर झाले. "पोटभर गट खरंच पोटभर खात होता का? मी पहिल्यापासून सांगत होतो, त्यांनाही चरबीचं फार देऊ नका. मग तेही एका परीने कमीच खात होते. फरक पुसला गेला असेल."

"तेही तपासलं, बाबा. थोडा पुसला असेल. एवढा नाही."

"साखर?"

"साखर अर्धपोट्यांची उत्तम."

"बघ!"

"पण ती मेली, बाबा. त्याच वयाला. दुसऱ्या कशानेतरी."

"हाडं?"

"अर्धपोट्यांची हाडं पातळ झाली होती."

बाबांनी चादरीखालच्या आपल्या पायाकडे बघितलं. वॉर्डात कुणाच्या तरी ताटात चमचा वाजत होता. ते पुन्हा बोलले तेव्हा आवाजातला सर निघून गेला होता.

"माकडांसाठी मी समितीची परवानगी घेतली होती. दोनदा अर्ज फेटाळला, तिसऱ्यांदा मिळाली."

"हो, बाबा."

"घरात नव्हती घेतली."

तिने त्यांचा हात धरला. हाताला वजनच नव्हतं.

"ती बिस्किटं लपवायची," ते म्हणाले. "कपाटामागे. मला माहीत होतं. मला वाटायचं, मुलांना देते, देऊ दे, तेवढ्याने काय फरक पडतो. एकदा मी मोजली होती गं. सगळी तुम्हालाच दिली होती तिने." मग थोडं थांबून, "ढब्बू काय करतो हल्ली?"

"बेकरी आहे त्याची. चांगली चालते."

"त्याला म्हणावं, ये." आणि लगेच, जणू काही दुसरंच बोलायचं असावं तसं तोंड फिरवून ते म्हणाले, "मला भूक लागलीय."

हे शब्द थोरलीने त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. ती उठून व्हरांड्यात गेली आणि तिने धाकट्याला फोन लावला. "बाबा बोलावतायत तुला. खायला मागतायत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काय आणू? मऊ काय आणू? दुधातला पाव आणू का? लोणी चालेल?"

"काहीही आण, पण थोडंच दे हं. ऐकतोयस ना? हळूहळू, थोडं थोडं."

"हो हो."

तिने एवढंच सांगितलं. का थोडं, ते सांगायचं राहून गेलं. बोलता बोलताच संचालकांचा फोन येत होता, आणि तिला वाटलं, संध्याकाळी भेटल्यावर सांगू. डॉक्टरलाही तिने जाता जाता सांगितलं की बाबा खायला तयार झालेत. तो म्हणाला, "छान! आपण हळूहळू वाढवू, उद्यापासून रक्त तपासत राहू." तोही खूश होता.

संचालकांचं काम निकडीचं होतं. उरलेल्या माकडांचं काय करायचं ते ठरलं होतं. त्यांना शांतपणे झोपवायचं आणि मेंदू, काळीज, स्नायू, सगळं जपून ठेवायचं. एवढी वर्षं मोजूनमापून जगवलेली शरीरं पुन्हा मिळणार नाहीत, हे तिलाही मान्य होतं. तिचं मागणं एकच होतं.

"अर्धपोट्यांना शेवटचे दोन-तीन आठवडे पोटभर घालू या. हळूहळू वाढवत नेईन मी. प्रयोग तर संपलाय."

"तुम्ही हे विचारताय?" संचालक म्हणाले. "पोटभर घातलंत तर ती अर्धपोटी राहिली कुठे? मग त्यांचे अवयव ठेवायचे कशाला?"

त्यांचं चुकत होतं असं नाही. तीच त्यांच्या जागी असती तर हेच म्हणाली असती. ती दोन दिवस माकडघरात अडकून पडली. तयारी, समितीचे लोक, बर्फाच्या पेट्या. खाण्याच्या गाडीचा आवाज आला की पोटभर गटातली माकडं आळोखेपिळोखे देत पुढे यायची. अर्धपोटी मात्र गाडी दारात यायच्या आधीच गजांना चिकटलेली असायची. त्यांच्यातली एक म्हातारी माकडीण होती, दात पडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. ती आपला वाटा संपवून थाळी चाटायची, मग बोटं चाटायची, मग जमिनीवर जिथे थाळी होती ती जागा चाटायची. थोरलीने हे हजारदा बघितलं होतं. त्या दिवशी तिला ते बघवेना.

धाकट्याचा एकदा फोन आला, तेव्हा तिचे हात मोकळे नव्हते. तिने कानाशी खांद्याने फोन धरला. "ताई, अगं खातायत! बोलतायतसुद्धा! तू ये लवकर!" तो इतका आनंदात होता की तीही हसली. "येते उद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डाच्या दारात पोचली तर आतून हसण्याचा आवाज येत होता. बाबांचा. धाकटा खाटेच्या कडेला बसला होता, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा. साखर घातलेल्या दुधात पाव कुस्करलेला. उशाशी कागदी पिशव्या, लोण्याचा डबा, केकचे तुकडे. बाबांच्या हनुवटीवर दूध ओघळलं होतं आणि धाकटा ते आपल्या बाहीने पुसत होता.

"हा म्हणतो, मी त्याला उपाशी ठेवून बेकरीवाला केला," बाबा तिला म्हणाले. "म्हणजे माझ्या प्रयोगातून काहीतरी निष्पन्न झालं म्हणायचं."

"काल केवढं खाल्लं विचार!" धाकटा म्हणाला. "सिस्टरचं लक्ष नव्हतं तेव्हा केक पण खाल्ला. आज सकाळी परत. त्यांना सारखं वाटतं आता पुरे, मी म्हणतो, अजून एक घास, ढब्बूसाठी."

थोरलीची नजर बाबांच्या पायांवर गेली. घोटे सुजले होते. श्वास उथळ चालला होता, आणि बोलताना मध्येच त्यांचे ओठ थरथरत होते.

तिने हे पूर्वी बघितलं होतं. एकदा पिंजऱ्याची कडी सैल राहून अर्धपोट्यांतला एक नर धान्याच्या खोलीत शिरला होता. तो आधी आठवडाभर आजारी होता, काही खात नव्हता. पोट फुटेस्तोवर खाऊन तो तिथेच झोपलेला सापडला, सगळे हसले. दोन दिवसांनी तो मेला. उपाशी राहून राहून आटलेल्या शरीरात एकदम गोडधोड गेलं की रक्तातले क्षार पेशी ओढून घेतात, आणि मग काळजाचे ठोके चुकायला लागतात. म्हणूनच थोडं थोडं. म्हणूनच तर तिने फोनवर म्हटलं होतं, थोडंच दे.

पण धाकट्याने "थोडंच" हा शब्द जन्मभर ऐकला होता. त्या घरातला तो सगळ्यात जास्त वापरलेला शब्द होता. ताईच्या तोंडून तो आला तेव्हा त्याला बाबाच बोलल्यासारखे वाटले असणार, आणि ते बोलणं त्याने नेहमीप्रमाणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

ती तिथे उभी होती आणि बाबांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं होतं. डोळे मिटून, एखाद्या लहान मुलासारखं. तिने एक घास होऊ दिला. मग म्हणाली, "आता जरा विश्रांती घेऊ दे त्यांना," आणि पाय उचलून डॉक्टरकडे निघाली. व्हरांड्यात आल्यावर ती पळाली.

डॉक्टरने तिचं अर्धं ऐकूनच सिस्टरला हाक मारली. रक्त नेलं, सलाईन लावलं, छातीला तारा चिकटवल्या. कालच्या सकाळचे आकडे बरे आले होते, म्हणून कुणी घाई केली नव्हती. आजचे आकडे वाचून डॉक्टरचा चेहरा उतरला. त्याने करता येईल ते सगळं केलं. धाकट्याला बाहेर बाकावर बसवलं होतं, तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "ठसका लागला का? पाव सुका होता का?"

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर यायच्या आत बाबा गेले.

डॉक्टरने थोरलीला आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. "काय झालं ते तुम्हाला कळलंच आहे," तो म्हणाला. "मीच पहिल्या दिवशी पिशव्या तपासायला हव्या होत्या."

"तुम्ही नाही. मी सांगायला हवं होतं."

"वय होतं, बाई. हाड मोडल्यावर या वयात निम्मे लोक..." त्याने फाईल मिटली. "भावाला काय सांगू?"

थोरली म्हणाली, "हृदय थकलं होतं म्हणून सांगा. खोटं नाही ते."

पुढच्या आठवड्यात तिने माकडांना झोपवलं. दुसऱ्या कुणावर सोपवता आलं असतं, पण त्यांना तिच्या हाताची सवय होती. म्हातारी माकडीण शेवटून दुसरी. टोचून घ्यायला तिने आपण होऊन हात बाहेर काढला, कारण थोरलीचा हात पिंजऱ्यात आला की त्यात काहीतरी खायचं असतं असं तिला वाटायचं. तिची पापणी जड झाली तरी बोटं चाचपत राहिली होती. नंतर थोरलीने अवजारं धुतली, सही केली आणि घरी गेली. संचालक म्हणाले, फार व्यवस्थित केलंत.

बाबांचं घर आवरायला दोघं बहीणभाऊ एकत्र गेले. धाकटा तीन दशकांनी त्या स्वयंपाकघरात उभा होता. घर त्याला लहान वाटत होतं, दारातून आत येताना तो उगाच अंग चोरत होता. भांडी खोक्यात भरताना त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"ताई, एक सांग. खरं सांग. मी आणलेलं खाल्लं म्हणून तर नाही ना काही झालं?"

थोरलीच्या हातात बशी होती. ती तिने कागदात गुंडाळली, कडा नीट दुमडल्या.

"नाही रे," ती म्हणाली. "हृदय थकलं होतं त्यांचं."

"नक्की?"

"मी डॉक्टर आहे ना?"

"माकडांची," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. तिने त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा देह तिच्या खांद्यावर टेकून हुंदके देत होता, आणि तिला वाटत होतं की आपण आत्ता पाय जरा हलवला तर दोघंही पडू.

त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. मनापासून ठेवला, आणि त्यानंतर ही गोष्ट तो सगळ्यांना सांगायला लागला. बेकरीत गिऱ्हाईक आलं, ओळखीचं असो नसो, की पाव बांधताना सांगायचा. आयुष्यभर अर्धपोटी राहिलेला माझा बाप, शेवटच्या दोन दिवसांत माझ्या हातचं पोटभर जेवून गेला. सुरुवातीला त्या गोष्टीत वाटीभर दूध-पाव आणि केकचा तुकडा होता. पुढे दोन वाट्या झाल्या, अख्खा केक झाला. आता तर बाबा लोण्याची बोटं चाटून "अजून आण" म्हणतात. लोक डोळे पुसतात. कुणी म्हणतं, भाग्यवान हो तुमचे वडील.

थोरली निवृत्त झाली आहे. संध्याकाळी ती बेकरीत येऊन गल्ल्यामागच्या स्टुलावर बसते, आणि धाकटा गोष्ट सांगायला लागला की मध्येच तिच्याकडे वळून विचारतो, "हो की नाही गं, ताई? तू होतीस ना तिथे?"

"होते," ती म्हणते.